श्रवणाची पहिली चाचणी व मराठी शब्द

कानांच्या तपासणीसाठी येणाऱ्या प्रौढ मनुष्याची तक्रार पुष्कळदा एकाच वाक्यात व्यक्त होते : ‘ऐकू येते, पण कळत नाही.’ वरवर पाहता या वाक्यात विसंगती भासते, आणि घरची माणसे तर त्याचा अर्थ दुर्लक्ष असाच करतात. वस्तुतः हे विधान शास्त्रीय दृष्ट्या अगदी काटेकोर असू शकते. ते कसे, हे पहिल्या श्रवणचाचणीचे स्वरूप पाहिले असता ध्यानात येते.

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले; आणि पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी व चाकण हा सारा पट्टा यंत्रोद्योगाने व्यापला. पत्रा दाबणारे प्रेस, घडाईचे घण व ग्राइंडिंगची यंत्रे यांच्या सान्निध्यात पाळी भरणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने ही चाचणी विशेष महत्त्वाची होय. भारतीय कारखाना-नियमांत आठ तासांच्या कामासाठी ९० डेसिबल ही गोंगाटाची मर्यादा मानलेली आहे. गोंगाटजन्य श्रवणऱ्हासाची गणना १९४८ च्या कारखाना कायद्याने अधिसूचनीय रोगांत केली होती, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतील यादीतही त्याचा समावेश आहे.

चाचणीस रात्रपाळी संपवून थेट जाऊ नये. मोठ्या आवाजानंतर काही तास कान तात्पुरते मंदावतात. म्हणून आधीचे सुमारे १४ ते १६ तास शांततेत गेलेले असावेत. प्रथम काही प्रश्न विचारले जातात : काम कोणते, किती वर्षे, कानात गुणगुण होते काय, कान कधी वाहिला होता काय, औषधे कोणती चालू आहेत. त्यानंतर दिव्याच्या लहान उपकरणाने कानाची नळी व पडदा पाहतात. मळाचा बोळा साचला असेल तर तो आधी काढावा लागतो.

मुख्य चाचणी ध्वनिरोधक खोलीत होते. कानांवर हेडफोन व हाती एक बटण देतात. ज्या कानाने अधिक चांगले ऐकू येते त्यापासून आरंभ होतो. १००० हर्ट्झचा शुद्ध स्वर प्रथम ऐकवितात. मग २०००, ४००० व ८००० हर्ट्झचे, आणि शेवटी ५०० व २५० हर्ट्झचे. स्वर ऐकू आला की तो १० डेसिबलने कमी करतात. ऐकू आला नाही तर ५ डेसिबलने वाढवितात. अशा रीतीने जेमतेम ऐकू येणारी पातळी निश्चित होते. स्वर लुप्त होईपर्यंत क्षीण करणे हीच या चाचणीची पद्धत असल्याने, मध्ये काही ऐकू आले नाही म्हणून कोणी घाबरून जाऊ नये आणि अंदाजाने बटणही दाबू नये. या सर्व प्रकारात वेदना मुळीच नाही.

यानंतर कानामागील हाडावर एक लहान कंपक ठेवतात. हाडातून ध्वनी चांगला पोचतो पण हवेतून पोचत नाही, असे आढळल्यास दोष बाहेरच्या वा मधल्या कानात असतो. दोन्ही मार्गांनी सारखाच कमी पोचत असेल तर तो आतल्या कानात असतो. गरज पडल्यास दुसऱ्या कानात सूं असा आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवतात. निष्कर्ष आलेखावर मांडतात. उजव्या कानासाठी तांबडे वर्तुळ व डाव्यासाठी निळी फुली ही खूण रूढ आहे.

गोंगाटाने आतल्या कानातील केशपेशींची हानी झाली असता आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खाच दिसते. नष्ट झालेल्या केशपेशी मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. आता भाषेकडे वळू. स्वरवर्णांचे मुख्य घटक साधारणतः ३०० ते ३००० हर्ट्झ या टप्प्यात असतात; ‘स’ या घर्षकाची शक्ती मात्र प्रामुख्याने ४००० हर्ट्झच्या वर असते. खाच रुंदावू लागली म्हणजे बोलण्याचा आवाज पूर्ववत् ऐकू येतो, परंतु व्यंजने विरू लागतात. ‘साठ’ मधील ‘स’ गळाला की ‘आठ’ उरतो. साठ नगांऐवजी आठ नग असे ऐकणारा कामगार बेपर्वा ठरविला जातो. दोष मात्र त्याच्या लक्षाचा नसतो. केवळ ५००, १००० व २००० हर्ट्झची सरासरी काढली तर हा दोष तीत दिसतही नाही. म्हणून सरासरीच्या आकड्यावर समाधान न मानता संपूर्ण आलेख समजावून घ्यावा.

याच कारणास्तव शब्दचाचणी आवश्यक ठरते. शब्द ऐकवितात व ऐकणाऱ्याने तो पुन्हा उच्चारावयाचा असतो. इंग्रजी शब्दयादीचे भाषांतर करून येथे भागत नाही. इंग्रजीत दोन्ही अवयवांवर सारखा आघात असलेले शब्द निवडतात. मराठीत आघात अर्थभेदक नसल्यामुळे अक्षरांचे ऱ्हस्वदीर्घत्व व शब्दाचा परिचितपणा पाहावा लागतो. लिपीही पुरेशी नाही : ‘जग’ हा शब्द तालव्य ‘ज’ ने उच्चारला तर विश्व, दंत्य ‘ज’ ने उच्चारला तर ‘जगणे’ चे आज्ञार्थी रूप; छापील यादीत दोन्ही एकच दिसतात.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. या औद्योगिक पट्ट्यात विदर्भ, मराठवाडा व खानदेशातून, तसेच परप्रांतांतूनही कामगार आले आहेत. अनेक बोलींत ‘पाणी’ चा उच्चार ‘पानी’ होतो. काही बोलींत ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो. हिंदी भाषकाच्या तोंडी ‘ळ’ चा ‘ल’ होतो. असे उत्तर चूक म्हणून नोंदविल्यास बोलीलाच बहिरेपण ठरविल्यासारखे होईल. यास्तव आपली घरची बोली कोणती हे तपासनिसास प्रारंभीच सांगावे.

नोकरी जाईल या भीतीने कित्येकजण चाचणी टाळतात. परंतु पहिल्या चाचणीचा आलेख हा पुढील प्रत्येक तपासणीचा आधार असतो; तो नसेल तर हानी केव्हा व किती झाली हे सिद्ध करणे कठीण जाते. त्याची प्रत मागून घेऊन जपून ठेवावी. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ या वाक्याला आजवर साक्षीदार नव्हता. तो या कागदाच्या रूपाने लाभतो.