अध्यापन-साहित्यातील इतरांची निर्मिती : परवानगी व श्रेयनिर्देश

टिपणे, स्लाईड्स वा ई-साहित्य तयार करताना प्राध्यापक इतरांची चित्रे, नकाशे व उतारे वापरतात. स्रोत दिला म्हणजे वापराची मुभा मिळाली, हा त्यामागील समज चुकीचा आहे. परवानगी व श्रेयनिर्देश या दोन स्वतंत्र बाबी होत.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार शिक्षकाने अध्यापनाच्या ओघात केलेले पुनरुत्पादन प्रताधिकारभंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स-संचांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या तरतुदीचा व्यापक अर्थ लावला. तथापि, कलम ५७ अन्वये लेखकाचा कर्तृत्वावरील हक्क प्रताधिकार विकल्यानंतरही अबाधित राहतो. म्हणजेच परवानगी लागत नसली तरी श्रेयनिर्देशाची जबाबदारी उरतेच.

साहित्य सर्वांसाठी खुले करताना प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. प्राध्यापकाने आपल्या साहित्यास क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना दिला, तरी त्यातील इतरांचे छायाचित्र त्या परवान्याखाली येत नाही. यास्तव अशा प्रत्येक घटकाखालीच निर्मात्याचे नाव, शीर्षक, स्रोत व वापराचा आधार नमूद करावा आणि तो घटक परवान्यातून वगळल्याचे स्पष्ट करावे. शेवटी दिलेली एकत्रित संदर्भसूची हे कार्य करीत नाही. अन्यथा ते साहित्य विश्वासाने पुढे वापरणारा दुसरा शिक्षक नकळत प्रताधिकारभंग करून बसतो.