‘पाल’चं चित्र खरंच सरस होतं का?

15 ऑगस्ट 1982 रोजी दूरदर्शनवर रंग अवतरले आणि नोव्हेंबरातल्या दिल्लीच्या आशियाई खेळांनी रंगीत टीव्हीची ओढ घराघरांत पोचवली. अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत मुख्यालय असलेली टीव्ही कंपनी ओनिडा याच सुमारास उभी राहिली. एक समजही तेव्हापासून मुरला: आपली रंगीत प्रक्षेपणाची ‘पाल’ पद्धत अमेरिकेच्या ‘एनटीएससी’हून सरस, म्हणून आपलं चित्र जास्त रेखीव.

यातलं अर्धंच खरं. आपल्याकडे चित्र 625 रेषांचं होतं, अमेरिकेत 525 रेषांचं. त्यामुळे बारकावा आपल्याकडे जास्त, हे बरोबर. पण त्याचं श्रेय पालचं नाही. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हाच्या कृष्णधवल चित्रातही 625 रेषाच होत्या. ब्राझीलने तर रंगांसाठी पाल स्वीकारून रेषा 525च ठेवल्या.

पालची खरी कमाई रंगांत आहे. एनटीएससीत रंगाची छटा लहरीच्या कलेवर, म्हणजे ‘फेज’वर, ठरते. वाटेत कला सरकली की गोरा चेहरा हिरवट दिसायचा, म्हणून अमेरिकी टीव्हीला छटा जुळवायचं वेगळं बटण असे. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वॉल्टर ब्रुख यांनी युक्ती काढली: रंगाच्या संदेशातला एक भाग दर रेषेला उलटवायचा. शेजारच्या दोन रेषांतल्या चुका मग एकमेकींना खोडतात. बदल्यात रंगांचा उभा बारकावा थोडा घटतो, पण डोळा बारकावा मुख्यतः उजेड-अंधारावरून टिपत असल्याने ते जाणवत नाही.

हालचालीत मात्र एनटीएससी पुढे होती. तिथे सेकंदाला जवळपास 60 अर्धचित्रं, आपल्याकडे 50; मोठ्या, उजळ पडद्यावर आपलं चित्र लुकलुकायचं. शिवाय सेकंदाला 24 चौकटींचा सिनेमा पालवर साधारणपणे 25च्या वेगाने दाखवत. तीन तासांचा चित्रपट एकही कात्री न लागता सुमारे सात मिनिटं आधी संपायचा आणि गाण्याची पट्टी किंचित चढायची!

मुलुंड-बोरिवलीच्या पडद्यावरच्या मुंग्या आणि दुहेरी चित्रं यांचा दोषही पद्धतीचा नव्हता. मुंग्या येत दुबळ्या संदेशामुळे. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेला संदेश इमारतींवर किंवा डोंगरावर आपटून उशिरा पोचला की सावली पडे. ती पुसणं पालच्याही हातात नव्हतं. गच्चीवरचा अँटेना फिरवणं हाच उपाय होता.

अमेरिकेतल्या नातलगांनी पाठवलेल्या, एनटीएससी पद्धतीतल्या व्हीएचएस कॅसेट अजून घरात असतील, तर त्या डिजिटल करून घेताना दुकानदाराला एनटीएससी वाचणारा व्हीसीआरच वापरायला सांगा. चौकटींचा मूळ वेग, सेकंदाला 29.97, तसाच ठेवायला लावा. 25वर उतरवलं की हालचाल अडखळते, आणि ती नंतर नीट करता येत नाही.