केसपेपर कोणाचा?

पवनीच्या माणसाला दवाखान्याची वाट पाठ असते. आधी इथलं ग्रामीण रुग्णालय, तिथून रेफर केलं की भंडारा, आणि तिथंही भागलं नाही तर नागपूरचं मेडिकल नाहीतर मेयो. पेशंट गाडीत बसून पुढे जातो, त्याचे कागद मात्र प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे मागे राहतात. हे मागे राहिलेले कागद कोणाचे? किती दिवस जपायचे? आणि मागितले तर द्यावेच लागतात का? आज एवढंच बोलायचं आहे.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, वकील नाही. पण ‘हे कोणाचं?’ हा प्रश्न आमच्याही घरचाच. इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. कागद ही एक वस्तू आहे, आणि त्यावरचा मजकूर ही दुसरी. कागद, फाइल, कपाट दवाखान्याचं. त्याबद्दल वाद नाही. मजकूर मात्र तुमच्या शरीराबद्दलचा आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९२ साली हाच भेद केला. एका बाईनं आपल्या डॉक्टरकडे पूर्ण फाइलची प्रत मागितली. डॉक्टरनं स्वतः लिहिलेलं दिलं. आधीच्या डॉक्टरांचे कागद त्यांच्याकडून घ्या म्हणाली. न्यायालयानं सांगितलं, फाइल डॉक्टरची असेल, पण तिच्यातलं सगळं पाहायचा आणि त्याची प्रत घ्यायचा हक्क पेशंटचा. देण्यानं अपायच होणार असेल, तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयासमोर रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात हा प्रश्न आला. तो निकाल १९९६ च्या कायदा-अहवालात छापलेला आहे. पेशंटनं किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकानं केसपेपरची प्रत मागितली, तर ‘हे गोपनीय आहे’ असं सांगून नाकारता येणार नाही. नेहमीचं शुल्क घ्या आणि प्रत द्या, असं न्यायालयानं बजावलं. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. गोपनीयता असते ती पेशंटसाठी, शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून आणि नोकरी देणाऱ्यापासून त्याला झाकायला. ती त्याच्यावरच उलटवायची म्हणजे घरमालकाला बाहेर ठेवून दाराला कुलूप लावण्यातला प्रकार झाला.

त्यानंतर २००२ ची डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाची नियमावली आली. तिच्यात दोन आकडे आहेत, ते लक्षात ठेवा. भरती असलेल्या पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचे. आणि पेशंटनं, त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं किंवा कायदेशीर यंत्रणेनं मागणी केली, तर तिची पोच देऊन ७२ तासांत कागद द्यायचे. हे न करणं म्हणजे गैरवर्तन, असंही त्याच नियमावलीत लिहिलंय. तक्रार राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे करता येते. ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली निघाली होती, तिच्यात ७२ तासांऐवजी कामाचे ५ दिवस होते. पण तीन आठवड्यांच्या आतच ती स्थगित झाली आणि जुनीच पुन्हा लागू झाली.

सोनोग्राफी केंद्राच्या नोंदींना २ वर्षं, गर्भपाताच्या रजिस्टरला ५ वर्षं, असे वेगळे कायदे वेगळी मुदत सांगतात. त्यात आज शिरत नाही.

आता या कागदाचं वजन किती, ते बघा. न्यायदर्शनात चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. भूल दिलेल्या माणसाला स्वतःच्या ऑपरेशनचं प्रत्यक्ष ज्ञान नसतं. पोटात काय केलं, किती रक्त चढवलं, कोणतं औषध कधी दिलं, हे त्याला फक्त शब्दातून कळणार, आणि तो शब्द केसपेपरवर असतो. पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली (तिथे तक्रारीला साधारण २ वर्षांची मुदत असते) तर हाच कागद बोलतो.

पण माझी खरी तक्रार त्या ३ वर्षांबद्दल आहे. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल किती आहे, ते तुम्हाला सांगायला नको. हा आजार जन्माचा सोबती. समजा, सहा वर्षांच्या पोराला भरती करून रक्त चढवलं. चढवलेल्या रक्ताविरुद्ध कधीकधी शरीरात प्रतिपिंडं तयार होतात. काही वर्षांनी ती इतकी कमी होतात की तपासणीत दिसतच नाहीत. मग पोरगा पंधरा वर्षांचा झाल्यावर दुसऱ्या दवाखान्यात तसंच रक्त पुन्हा चढलं, तर ती झपाट्यानं वाढतात आणि चढवलेल्या रक्तपेशी फोडायला लागतात. यात जीवही जाऊ शकतो. हा धोका आधी सांगू शकेल असा जुना कागद एकच, आणि तो नियमाप्रमाणे सहा वर्षांपूर्वीच रद्दीत गेलेला असू शकतो! ३ वर्षं ही किमान मुदत आहे, जास्त ठेवायला कोणाची मनाई नाही, हे खरं. पण हा आकडा ठरवताना डोळ्यांसमोर दवाखान्याची अडगळीची खोली होती, पेशंटचं आयुष्य नव्हतं, असं मला वाटतं. ‘आता सगळं कॉम्प्युटरवर येणार, आभा क्रमांक आहे ना,’ असं तरुण मंडळी म्हणतात. येवो. पण आत कोणी नोंदच भरली नाही, तर चौदा आकडी क्रमांक घेऊन करायचं काय?

म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच मागा. तोंडी नको, तोंडी मागणीला तारीख नसते आणि ७२ तास मोजायचे कुठून, हा वाद होतो. साध्या कागदावर नाव, भरतीची तारीख आणि ‘संपूर्ण इनडोअर केसपेपरची प्रत मिळावी’ एवढं लिहा. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. बिल बाकी आहे म्हणून कागद अडवावेत, अशी अट त्या नियमात नाही. डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हे, तो एका पानाचा सारांश असतो. नर्सच्या नोंदी, औषधांचा तक्ता, रक्त चढवल्याची नोंद, हे सगळं आत असतं.

सून किंवा पुतण्या जाऊन मागणार असेल, तर पेशंटच्या सहीचं चार ओळींचं अधिकारपत्र सोबत द्या. पेशंट दगावला असेल, तर जवळच्या नातेवाइकानं नात्याचा पुरावा जोडून अर्ज करावा. धानाच्या बांधीत साप चावून माणूस गेला, तर गोपीनाथ मुंडे योजनेतल्या २ लाखांच्या अनुदानासाठीही दवाखान्याचे कागद लागतातच, तेव्हा हा अर्ज तेराव्यापर्यंत लांबवू नका. आणि प्रत हातात आली की तिथंच, खिडकीसमोर उभं राहून, पानं मोजून घ्या.