बहिष्काराचा मनावर होणारा परिणाम

धर्मावरून होणाऱ्या भेदभावाची झळ रोजगार आणि घर यांपुरती राहत नाही. ती झोप, भूक आणि मनःस्थितीलाही लागते. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील २०२५च्या घटना या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. मे महिन्यात पौड येथे मंदिरातील मूर्तीची विटंबना झाल्यावर तालुक्यात तणाव पसरला. पाठोपाठ घोटावडे आणि पिरंगुट येथील ग्रामपंचायतींनी, बाहेरगावच्या मुस्लिमांनी गावातील मशिदीत नमाजासाठी येऊ नये, असे ठराव केल्याचे वृत्त आले. पिरंगुट परिसरात कारखाने असल्यामुळे कामानिमित्त बाहेरून आलेले अनेक लोक तेथे राहतात. काही मुस्लिम व्यावसायिकांवर दुकाने बंद ठेवण्याची वेळ आल्याच्याही बातम्या होत्या. गुन्ह्याची जबाबदारी व्यक्तीची असते. येथे मात्र निर्बंध समाजावर आले.

अशी घटना एकदा घडते, पण तिची धास्ती रोज राहते. नाव सांगताना, भाड्याची खोली शोधताना, डबा उघडताना किंवा फोनवर सलाम करताना समोरच्याचा अंदाज घ्यावा लागतो. धोका जाणवला की शरीरात अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. थोड्या वेळापुरते हे उपयोगी असते. महिनोन्‌महिने चालले तर झोपमोड, छातीत धडधड, डोकेदुखी, चिडचिड आणि उदासी मागे लागते. पुष्कळ जण अंगदुखीचीच तक्रार घेऊन दवाखान्यात जातात आणि मूळ कारण अबोल राहते. सततच्या या भाराला इलन मेयर या अमेरिकी संशोधकाने ‘अल्पसंख्याकांचा ताण’ म्हटले. त्याची मांडणी समलैंगिकांच्या अभ्यासातून झाली. पुढे ती इतर गटांनाही लावली गेली.

हा ताण गर्भापर्यंत पोहोचू शकतो. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत कॅलिफोर्नियातील अरबी नावांच्या स्त्रियांमध्ये मुदतपूर्व प्रसूती आणि कमी वजनाची बाळे यांचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा वाढल्याचे संशोधक डायान लॉडरडेल यांना २००६च्या अभ्यासात आढळले. इतर गटांत तशी वाढ नव्हती. भारतीय मुस्लिमांच्या मानसिक आरोग्यावर मुंबईच्या ‘बेबाक कलेक्टिव्ह’ या संघटनेने स्वतंत्र अहवाल तयार केला आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम १८नुसार धर्मावरून भेदभाव न होता उपचार मिळणे हा हक्क आहे. ‘टेलि-मानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत समुपदेशन मिळते. कुटुंब, शेजारी आणि मित्रांचा आधारही ताण हलका करतो. मात्र धास्तीचे कारण गावातच कायम असेल, तर समुपदेशनाला मर्यादा पडतात. बेकायदा निर्बंध तातडीने हटवणे, धंद्याला संरक्षण देणे आणि गुन्ह्याचा तपास व्यक्तीपुरता ठेवणे ही प्रशासनाची कामे म्हणून मानसिक आरोग्याचीही कामे ठरतात.