चेहऱ्यामागील माणूस टिपणारे गौतम राजाध्यक्ष

फॅशन छायाचित्रात वेशभूषा आणि आविर्भाव यांना प्राधान्य असते. व्यक्तिचित्रात मात्र चेहऱ्यामागील माणूस दिसावा लागतो. या दोहोंची सांगड घालणारे छायाचित्रकार म्हणून गौतम राजाध्यक्ष ओळखले जातात.

मुंबईत १६ सप्टेंबर १९५० रोजी जन्मलेल्या राजाध्यक्ष यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे ‘लिंटास’ या जाहिरात संस्थेत नोकरी केली. १९८० मध्ये शबाना आझमी, टीना मुनीम आदींच्या छायाचित्रांनी त्यांच्या या क्षेत्रातील वाटचालीस प्रारंभ झाला. १९८७ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ छायाचित्रणाकडे वळले. ‘चंदेरी’ या मराठी नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले.

फिल्मच्या त्या काळात छायाचित्रातील उणिवा संगणकावर झाकण्याची सोय नव्हती. चेहऱ्याचे सौंदर्य प्रकाशयोजनेतून आणि समोरच्या व्यक्तीचा संकोच दूर करूनच साधावे लागे. दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंतच्या कलावंतांची अशी व्यक्तिचित्रे १९९७ च्या ‘फेसेस’ या पुस्तकात संग्रहित आहेत. ‘चेहरे’ हे त्यांचे पुस्तक मराठीत आले.

१३ सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले. हिंदी आणि मराठी चित्रसृष्टीतील अनेक कलावंत पुढील पिढ्यांच्या स्मरणात कोणत्या रूपात राहतील, हे बऱ्याच अंशी त्यांच्या कॅमेऱ्याने ठरविले आहे.