रामकुंडात पाणी कोणाच्या हुकमाने येतं?

पावसाळा सरला की नाशकात गोदावरीला येणारं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून सोडलेलं असतं. रामकुंडाच्या पायरीवर आपण पाय बुडवतो ते त्यातच. डुबकी, पोहणं किंवा नौकाविहार, अशा वापरावरून वाद उठला तर तो कसा चालतो, ते क्रमाने पाहू.

आधी मालकी. काठावर आपला सातबारा असला, तरी नदीचं पाणी आपलं होत नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्याने मिळतो तो ‘पाणीवापर हक्क’, म्हणजे नेमून दिलेल्या कामासाठी ठरावीक पाणी वापरायची मुभा.

मग अग्रक्रम. 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्याचं व घरगुती पाणी पहिलं होतं. त्याखाली उद्योग आणि शेती. 2011 मध्ये शेती उद्योगाच्या वर आली. ‘पर्यावरण आणि करमणूक’ चौथ्या क्रमांकावर होतं. इथेच अनेकांची गफलत होते. श्रद्धा मोठी म्हणून पाण्यावरचा हक्कही मोठा, असं आपण धरून चालतो.

2015 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात हा पेच उघडा पडला. 29 ऑगस्ट, 13 आणि 18 सप्टेंबर ही नाशकातली शाही स्नानं, आणि खाली मराठवाडा दुष्काळात. स्नानासाठी धरणातून पाणी सोडण्याविरुद्ध अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा मुंबई उच्च न्यायालयात गेले. जलनीतीत या वापराला आधार काय, असं न्यायालयाने सरकारला विचारलं. मला तो प्रश्न रास्त वाटतो; टंचाईच्या वर्षी पर्वणीआधी हंडा भरायला हवा.

शिवाय हे पाणी नाशिकपुरतं नाही. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात पुरेसा साठा नसेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं, हे समन्यायी वाटप उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये उचलून धरलं. समन्यायी म्हणजे तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची.

पात्राचा प्रश्न वेगळा. हिमाचलात एका हॉटेलसाठी बियास नदीचा प्रवाह वळवला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये सांगितलं की सरकार नदीचं मालक नसून जनतेसाठी नेमलेलं विश्वस्त आहे. कोणी पात्र अडवलं, घाट बंद केला, तर आपला आधार हा.

आता सर्वांत जास्त चुकतं ते सांगते. तक्रार असते नदीत येणाऱ्या घाण नाल्याची आणि अर्जात मागतो जादा आवर्तन, म्हणजे धरणातून सोडायची पाण्याची पाळी. घाण पुढे ढकलली जाते, नाला तसाच राहतो. अर्ज पाण्याच्या दर्जाचा करा. आंघोळीयोग्य पाण्याच्या निकषानुसार लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम हवा आणि जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

घरच्या बिसलेरीच्या बाटलीत भरून नेलेला फेसाळ नमुना पुरावा म्हणून टिकणं कठीण. प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि पोच जपून ठेवा.

दाद राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे मागता येते. मुदत सहा महिन्यांची. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस. ही मोजणी तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून सुरू होते, तेव्हा तो दिनांक आजच वहीत लिहून ठेवा.