पिझ्झा : बंदरावरची भाकरी

घरांत पिझ्झाचा विषय निघाला कीं दोन तट पडतात, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल. वडील मंडळी म्हणतात, 'हें मैद्याचें परदेशी खूळ आपल्या स्वयंपाकघरांत कशाला?' आणि मुलें म्हणतात, 'आजी, तुम्ही एकदां खाऊन तरी पहा.' प्रस्तुत लेखक वयानें पहिल्या तटांतला व जिभेनें थोडासा दुसऱ्या तटांतला. म्हणून या पदार्थाचें कुलशील काय, देशोदेशीं त्याचे प्रकार कोणते, आणि आपल्या डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावर तो कोणत्या वेषानें आला आहे, याची चौकशी करण्याचें त्यानें मनावर घेतलें. चौकशीअंतीं हातीं लागलें तें असें कीं, पिझ्झा हा श्रीमंतांचा चोचला मुळींच नव्हे. ती बंदरांत राबणाऱ्या गरिबांची भाकरी आहे. आणि वाढवणच्या माणसाला बंदर हा शब्द अलीकडे फार जवळून ऐकूं येतो.

इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर नेपल्स हें जुनें बंदर आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तेथें हमाल, खलाशी, कोळी आणि रोजंदारीवर पोट भरणारे लोक इतक्या दाटीनें राहत कीं पुष्कळांच्या बिऱ्हाडांत धड चूलही नसे. त्यांनीं उभ्या उभ्या खावी, घडी घालून हातांत धरावी आणि एक-दोन नाण्यांत पोट भरावें, अशी ही फेरीवाल्याकडची रोटी होती. तिच्या दोन जुन्या जातींपैकीं एकीचें नांवच 'मारिनारा', म्हणजे दर्यावर्दी लोकांची. तिच्यावर टोमॅटो, लसूण, ऑलिव्हचें तेल आणि ओव्याची आठवण करून देणारा ओरेगॅनो नांवाचा सुका पाला, एवढेंच. मासा नाहीं, आणि मौज अशी कीं चीजही नाहीं! दुसरी 'मार्गारीटा'. १८८९ सालीं राणी मार्गारीटा नेपल्सला आली असतां राफाएले एस्पोसितो या पिझ्झावाल्यानें टोमॅटोचा तांबडा, मोझ्झारेला चीजचा पांढरा व बेसिलच्या पानांचा हिरवा असे राष्ट्रध्वजाचे तीन रंग जुळवून ती राणीपुढें ठेवली, अशी कथा आहे. (बेसिल म्हणजे ज्याचें बीं आपण सब्जा म्हणून फालुद्यांत घालतों तें तुळशीच्या कुळांतलें झाड.) इतिहाससंशोधकांना ही कथा सबंध मान्य नाहीं, पण गरिबाच्या पदार्थाला प्रतिष्ठा मिळण्यास राणीची साक्ष लागते, हा रिवाज सगळ्याच देशांत दिसतो.

त्या गांवीं १८७० सालापासून चालत आलेलें 'दा मिकेले' नांवाचें पिझ्झागृह आहे. तेथें कित्येक वर्षें हे दोनच प्रकार मिळत, आणि तरी दाराशीं रांग लागे. पीठ, पाणी, मीठ व यीस्ट यांचीच कणीक. तेलाचा थेंब नाहीं. लांकडाच्या भट्टींत सुमारें ४८५ अंश उष्णतेवर ती ६० ते ९० सेकंदांत भाजून निघते. आपल्या बायका फुलका फुगवून काढतात तेवढाच हा वेळ! या भट्टीवाल्यांच्या कलेची नोंद युनेस्कोनें २०१७ सालीं मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत केली. आणखी एक गोष्ट आमच्या गोठेवाल्या वाचकांना आवडेल. नेपल्सच्या परिसरांतलें अस्सल मोझ्झारेला म्हशीच्या दुधाचें असतें, आणि ही जातीची म्हैस प्रथम माणसाळली ती आपल्या भरतखंडांत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दारिद्र्यानें या लोकांस आगबोटींत बसविलें, आणि पिझ्झा त्यांच्यामागोमाग बंदराबंदरांतून हिंडला. न्यूयॉर्कला १९०५ सालीं लोम्बार्डीचें दुकान निघालें. तेथें लांकडाऐवजीं दगडी कोळसा होता. रोटी मोठी व किंचित् कडक झाली. न्यू हेवन येथें १९२५ सालीं फ्रँक पेपे यानें भट्टी घातली व पुढें तिच्यावर समुद्रांतल्या शिंपल्या पसरल्या. आमच्या वाढवणच्या कोळणींना यांत कांहींच नवल वाटणार नाहीं. समुद्रापासून दूर गेल्यावर तर रूपच पालटलें. शिकागोला १९४३ सालीं 'पिझ्झेरिया ऊनो'नें खोल भांड्यांत जाडजूड प्रकार काढला. डेट्रॉइट हें मोटारींच्या कारखान्यांचें गांव. तेथें १९४६च्या सुमारास कारखान्यांत सुटे भाग ठेवण्याच्या पोलादी चौकोनी तसराळ्यांतच पिझ्झा भाजूं लागले, असें सांगतात. पण मला सर्वांत गोड वाटली ती अर्जेंटिनाची हकीकत. ब्वेनोस आयरेस बंदरांत जिनोआहून आलेल्या इटालियनांनीं पिझ्झाच्या तुकड्यावर 'फाइना'चा तुकडा ठेवून खाण्याची चाल पाडली. ही फाइना म्हणजे हरभऱ्याचें पीठ, पाणी व तेल यांची भट्टींत भाजलेली पोळी. आपल्या बेसनाच्या धिरड्याची सख्खी मावसबहीणच म्हणाना!

येथें संस्कृत शिकलेल्या एखाद्या स्नेह्यास पुरोडाशाची आठवण होईलच. श्रौत यज्ञांत तांदुळाच्या किंवा यवांच्या पिठाचा गोळा मातीच्या लहान कपालांवर ठेवून, वरूनही निखारे व राख घालून भाजीत. अग्नीसाठीं आठ कपालांवरचा म्हणून तो 'अष्टाकपाल', अग्नि व सोम या जोडदेवतेसाठीं अकरांवरचा. आकार कांसवाच्या पाठीसारखा, माप घोड्याच्या खुराएवढें. खालून-वरून दोन्हीकडून आंच देण्याची ती युक्ति आणि पिझ्झाच्या भट्टीची युक्ति एकाच जातीची आहे खरी. परंतु एवढ्यावरून 'पिझ्झा मूळचा आपलाच' अशी दवंडी पिटणाऱ्यांशीं आमचें जमत नाहीं. पुरोडाशांत यीस्ट नाहीं, टोमॅटो नाहीं, आणि त्याचा भोक्ता देव होता, हमाल नव्हे.

आमच्या किनाऱ्याचें खरें साधन तवा. येथलें धान्य भात, आणि डोंगराकडे वारली बांधवांच्या घरीं नागली. तांदुळाच्या पिठांत गव्हांतलें चिवट द्रव्य, ज्याला ग्लूटेन म्हणतात, तें नसतें. म्हणून भाकरीला उकड काढावी लागते, आणि यीस्ट घातलें तरी असलें पीठ वायु कोंडून धरीत नाहीं. पिझ्झासारखें तें ताणलेंही जात नाहीं. त्यावर आमच्या आज्यांनीं पानगीचा उपाय काढला : केळीच्या पानावर पीठ पसरावें, वर दुसरें पान ठेवावें, आणि तव्यावर दोन्ही बाजू भाजाव्यात. भट्टीशिवाय खालून-वरून आंच देण्याची ही आमची तोड. भट्टी येथें रुजली ती परकीयांच्या हातून. १५३४ पासून १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेईपर्यंत या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि 'पाव' हा शब्दच मुळीं त्यांचा. मागाहून गोवेकरांनीं व इराण्यांनीं बेकऱ्या घातल्या. इराणी कुटुंबांनीं डहाणूकडे तर चिकूच्या वाड्याही उभ्या केल्या. ज्या चिकूला २०१६ सालीं 'डहाणू घोलवड' या नांवानें भौगोलिक मानांकन मिळालें, तो तरी कोठला? मध्य अमेरिकेकडचा! टोमॅटो आणि मिरचीही त्याच खंडांतून समुद्रमार्गें आलेल्या. बाहेरचें तें सारें वर्ज्य, असें ठरविलें तर आमच्या ताटांत मीठ-भाताशिवाय फारसें कांहीं उरावयाचें नाहीं.

भारतांत मोठ्या परदेशी पिझ्झाकंपन्या आल्या त्या १९९६ सालीं; एकीनें दिल्लीस व दुसरीनें बंगळूरास पहिलें दुकान घातलें. व्यापाराची गंमत पहा : ज्यांनीं साऱ्या जगाला एकच चव शिकविली, त्यांनाच अहमदाबाद, सुरत व मुंबईची चौपाटी येथें केवळ शाकाहारी दुकानें काढावीं लागलीं, आणि कांदा-लसणाशिवायचा जैन पिझ्झा करावा लागला. परंतु आपला खरा देशी प्रकार या दुकानांत जन्मलेला नाहीं. बेकरींतून आधींच अर्धीकच्ची भाजून पिशवींत मिळणारी, सारे जिला 'बेस' म्हणतात ती बशीएवढी रोटी. तिच्यावर गोडसर तांबडी चटणी, कांदा, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, वर किसलेलें अमूलचें चीज. आणि हें सर्व जाड तव्यावर मंद आंचेवर झांकण ठेवून तयार करावयाचें. नेपल्सचा मनुष्य हें पाहून मूर्च्छित पडेल. पण शिकागोची रोटी पाहूनही तो पडतोच. भट्टीची आंच अर्धी बेकरीनें द्यावी आणि अर्धी घरच्या तव्यानें पुरी करावी, ही तोड आमच्या मतें डेट्रॉइटच्या तसराळ्याइतकीच अस्सल आहे.

येथें शाकाहारी घरांनीं एक गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. दूध विरजून चीज करण्यासाठीं 'रेनेट' लागतें, आणि जुन्या युरोपीय पद्धतीचें रेनेट वासराच्या जठरांतून काढलेलें असतें. इटलीच्या 'पार्मिजानो रेज्जानो' या प्रसिद्ध चीजला तर तेंच वापरावें असा तेथील नियमच आहे. उलट अमूलच्या चीजमध्यें सूक्ष्म जीवांपासून काढलेलें रेनेट असतें. तेव्हां वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय, विशेषतः परदेशाहून पाहुण्यांनीं आणलेलें चीज, देवाच्या नैवेद्याच्या ओट्यावर जाऊं देऊं नये. ज्यांना सोवळें केवळ जुनाट खूळ वाटतें त्यांनींही एवढी चौकशी करावयास हरकत नाहीं.

आमच्या घरीं थोरल्या सूनबाई महिन्यांतून एकदां हा तव्यावरचा पिझ्झा करतात. ढोबळी मिरची वाणगांवची; आमच्या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांची मिरची मुंबईच्या बाजारांत जातेच, मग तिकडच्या किती पिझ्झांवर ती परत भेटत असेल कोण जाणे! आमच्या मातोश्रींचा आक्षेप चवीवर नव्हता, वाढण्यावर होता. 'खोक्यांतून काढून ज्यानें त्यानें आपल्या खोलींत नेऊन खायचें, याला जेवण म्हणत नाहींत,' असें त्यांनीं एकदां स्पष्ट सांगितलें. तेव्हांपासून आमच्याकडे तो पंक्तींतच, पानांत वाढला जातो, आणि शेजारीं कोशिंबीर असते. धाकट्या सूनबाईंनीं मागें नागलीच्या पातळ भाकरीवर टोमॅटो, लसूण व तेल घालून पाहिलें. मुलांनीं चीज नाहीं म्हणून नाक मुरडलें. मातोश्रींनीं अर्धी आणखी मागून घेतली. आवडतें पिझ्झागृह कोणतें, असें कोणीं विचारलें तर आम्ही हेंच सांगूं.

आतां वाढवणच्या बंदराविषयीं. १९९८ सालीं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानें येथें बंदर नको असा निर्णय दिला होता. २०२३ सालीं त्याच प्राधिकरणानें संमति दिली. १९ जून २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षीं ३० ऑगस्टला पालघर येथें पायाभरणी झाली. खर्चाचा आंकडा ७६ हजार कोटींच्या वर, आणि समुद्रांत भराव घालून काढावयाची जमीन सुमारें १४४८ हेक्टर. मच्छीमारांचा विरोध कशासाठीं आहे, हें किनाऱ्यावर राहणाऱ्याला समजावून सांगावें लागत नाहीं : जेथें जाळें टाकावयाचें तेथेंच भराव पडणार. त्या वादाचा निवाडा या लेखाच्या कक्षेंतला नव्हे.

पण बंदर म्हटलें कीं परगांवचे हजारों हात येतात, त्यांच्या बिऱ्हाडांत चूल नसते, आणि त्यांना पहाटे पाळीवर जाण्यापूर्वीं उभ्या उभ्या खातां येईल असें कांहींतरी लागतें. नेपल्सला तें काम मारिनारानें केलें. ब्वेनोस आयरेसला फाइनानें. आमच्या फाटकाबाहेर पहिली गाडी वडापावाची लागेल, तव्यावरच्या पिझ्झाची लागेल, कीं नागलीच्या भाकरीची? पीठ येथलें, मिरची येथली, भाजणारे हातही येथले असूं शकतील. ज्या कोळणींची पाटी मासळीवांचून रिकामी होईल त्यांच्यापैकीं कोणाला त्या गाडीमागें उभें राहण्यापुरती जागा मिळेल कीं नाहीं, हें मात्र बंदराच्या नकाशावर आम्हांला कोठें दिसलें नाहीं.